आधी न येणाऱ्यांची यादी करू

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून स्मरणिकेसाठी उतरवून दिले आहे.)



सकाळपासून सत्कार झाले, आठवणी झाल्या, सरांनी हजेरीसुद्धा घेतली. जेवणही दणकून झालं आहे. जेवणानंतर बोलणाऱ्याचे काय हाल होतात, ते मधल्या सुट्टीनंतरचा तास घेणाऱ्या आपल्या बाईंना विचारा. म्हणून मी थोडक्यात आणि कामाचंच बोलतो.

दिवाळीत आपल्या ग्रुपवर पुण्याच्या एका मित्रानं फोटो टाकला. दोन झाडांच्या मध्ये रंगीत कापड टांगलेलं, त्यात एक माणूस पाय पसरून निजलेला. खाली लिहिलं होतं, ‘पुढच्या वर्षी हॉल नको, मंडप नको. दोन दिवस जंगलात जाऊ, सगळे हॅमॉकमध्ये झोपू.’ तासाभरात अंगठ्यांचा पाऊस पडला. मग कुणीतरी आठवण काढली की वन खात्यात जन्म घालवलेला एक माणूस आपल्याच वर्गात होता, बेत त्यालाच आखू द्या. मी गेल्याच वर्षी वनपाल म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे वेळ नाही असं म्हणायची सोय उरली नाही.

आधी या हॅमॉकबद्दल. हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, तेव्हा तिथले लोक अशा टांगत्या जाळीत झोपताना त्यानं पाहिले. पुढं जहाजांवरचे खलाशी त्यात झोपू लागले आणि तिथून ती जगभर गेली. पण आपल्याला तिचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे तिला झोळी म्हणतात. निंदायला, कापूस वेचायला गेलेल्या बाईनं धुऱ्यावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची आणि लेकरू त्यात निजवायचं, हे आपल्या शिवारात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. इथं बसलेल्यांपैकी निम्मे तरी त्याच झोळीत वाढले. सगळ्या वावरात जो सर्वांत लहान, सर्वांत नाजूक, त्याच्यासाठी ती झोळी असायची. आधी त्याची सोय लागायची, मग बाई पाठीला ओटी बांधून कामाला लागायची.

आपला बेतही मला त्याच रीतीनं आखायचा आहे. ज्याला येणं सर्वांत अवघड आहे, त्याची सोय आधी. बाकीचे आपण कुठंही पडून राहू.

ग्रुपवर आपण ६१ जण आहोत. त्यातल्या २२ जणांनी ‘येतो’ म्हणून कळवलं. त्यात मैत्रिणी फक्त ३. बाकीचे ३९ गप्प आहेत. ‘येतो’ म्हणणाऱ्यांची यादी सगळ्यांनी वाचली. मी गप्प असलेल्यांची यादी केली आणि महिनाभर एकेकाला भेटलो, फोन केले. कुणीही ‘मला यायचं नाही’ असं म्हटलं नाही. एकाची आई अंथरुणाला खिळलेली आहे, रात्री घरी असावं लागतं. दोघांचे गुडघे गेलेत. एकाच्या वावरात लाइन रात्रीच येते, हरभऱ्याला पाणी द्यायला तो नसेल तर कोण जाणार? एक मैत्रीण म्हणाली, ‘घरच्यांना काय सांगू? चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या पोरांसोबत जंगलात झोपायला चालले, असं सांगू?’ आणि काही जण ‘पाहू’ एवढंच म्हणाले. मागे एका हॉटेलात आपली मंडळी जमली होती, तेव्हाची वर्गणी किती होती ते आठवा. म्हणजे ‘पाहू’चा अर्थ लागेल.

बेत सर्वांत धडधाकट माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखला, तर ती सहल धडधाकटांचीच होते. मग मेळाव्याला ‘आपला वर्ग’ म्हणायचं कशाला?

आता जागेचं बोलू. तीन जागा सुचवल्या गेल्या आहेत.

पहिली, बोथ्याचं जंगल, म्हणजे आपलं ज्ञानगंगा अभयारण्य. आपल्या गावाला लागून वाहणारी ज्ञानगंगा तिकडच्याच डोंगरांतून येते आणि पुढं पूर्णेला मिळते, तेव्हा हे जंगल आपलं आहेच. १९९७ साली ते अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. साग, अंजन, सालई, धावडा, तेंदू, मोह. बिबट्या आहे, अस्वलं आहेत, रोही, सांबर, चितळ आहेत. पण तिथं मनाला येईल त्या दोन झाडांना झोळी बांधून झोपता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. पर्यटनासाठी परवानगी मिळते, ती ठरलेल्या दारातून, ठरलेल्या रस्त्यानं आणि ठरलेल्या वेळेपुरती. जंगलाला धोका होईल असा विस्तव पेटवणं हा गुन्हा आहे. आणि ‘तू खात्यात होतास, साहेबांना सांग ना’ असं मला कुणी म्हणू नका. नोकरीभर ज्या कारणासाठी लोकांना परत पाठवलं, त्याच कारणासाठी आता मित्रांना आत नेलं, तर तीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडेल.

दुसरी जागा मेळघाट. १९७३-७४ साली देशात जे पहिले व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. सिपना नदीच्या काठी सेमाडोहला खात्याचं पर्यटन संकुल आहे, राहायची सोय आहे. जागा सुंदर आहे. पण लांब आहे. ज्याची आई अंथरुणाला आहे, तो तिथून रात्री घरी परत येऊ शकत नाही. ती जागा आपण पाचव्या-सहाव्या वर्षासाठी ठेवू.

तिसरी जागा मी सुचवतो. आपल्याच एका वर्गमित्राचं डोंगराच्या पायथ्याचं वावर आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, खाजगी मालकीचं. धुऱ्यावर जुने आंबे आहेत, निंब आहेत, विहिरीला पक्का कठडा आहे, दोन खोल्यांचं घर आहे आणि गाडी दारापर्यंत जाते. दिवसा रीतसर परवानगी काढून, सोबत वाटाड्या घेऊन जंगल पाहायचं. रात्री या वावरात यायचं. ज्याला झोळीत झोपायचं त्यानं झोळीत, ज्याला बाजेवर झोपायचं त्यानं बाजेवर, ज्याला घरी जायचं त्याला नऊ वाजता गावात सोडायला गाडी. आणि सकाळी चहाला परत आणायलाही गाडी. रात्री घरी गेलेल्या माणसाला कुणी ‘अर्धा आला’ म्हणायचं नाही.

आता तारीख. शहरातले म्हणतील, कुठलाही शनिवार-रविवार. पण वावराला रविवार नसतो आणि जंगलालाही नसतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्या दिवसांत पाचोळा वाळलेला असतो, एका काडीत डोंगर पेटतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, पहाटे अस्वलं मोहाखाली येतात. मे महिन्यात पाणवठे आटतात, जनावर पाण्यासाठी वणवण फिरतं, तेव्हा आपण तिकडे गर्दी करायची नाही. पावसाळ्याचा प्रश्नच नाही. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास निघतं, पण कापसाचा वेचा चालू असतो. ३१ डिसेंबरला रस्त्यावर कसली वर्दळ असते ते सांगायला नको. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव, आपल्यातले बरेच जण तिकडे जातात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मैत्रिणींची हळदीकुंकवं. हे सगळं वगळलं की जानेवारीचा पहिला शनिवार-रविवार हाती राहतो. थंडी असते, हवा कोरडी असते, आणि ज्वारी पेरणारे जे थोडे उरलेत त्यांच्याकडे हुरडा असतो. तरी शेवटचा शब्द शेती करणाऱ्या आपल्या ११ जणांचा. पुण्या-मुंबईच्यांनी रजा त्यांच्या तारखेप्रमाणे टाकायची.

आता झोळी बांधायची कशी, कारण उत्साह इथंच अंगाशी येतो.

झाड आधी खालून वर पाहायचं. वर वाळकी फांदी लटकत असेल तर ते झाड नको. खोडावर काठी मारून पाहायची, पोकळ आवाज आला तर नको. शेवग्याला कधीच बांधायचं नाही, सालईवरही भरवसा नको. आंबा, निंब, चिंच चांगले. मुंगळ्यांची रांग पाहायची. आणि सर्वांत महत्त्वाचं, आग्या मोहोळ कुठं आहे ते दिवसाउजेडी शोधायचं. मोहोळाच्या आसपास झोळीही नको आणि चूलही नको. धूर गेला की माश्या उठतात, मग पळायला जागा पुरत नाही.

सुतळी किंवा बारीक दोरी थेट खोडाला बांधायची नाही. ती सालीत रुतते आणि झाडाला जखम होते. दोन बोटं रुंदीचा, मजबूत पट्टा घ्यायचा. जुने आंबे जाड आहेत, तेव्हा पट्टा पुरेसा लांब लागेल. दोन झाडांत चार-पाच मीटर अंतर असावं.

आता गणिताचे सर समोर बसले आहेत म्हणून सांगतो. झोळी खाटेसारखी ताठ बांधायचा मोह सगळ्यांना होतो. तीच चूक. कंपासपेटीतला ३०-६० चा गुण्या आठवा. दोरी झाडापासून ३० अंशांनी खाली उतरत असेल, तर दोन्ही बाजूंच्या प्रत्येक दोरीवर माणसाच्या वजनाइतका ताण येतो. ८० किलोचा माणूस, तर प्रत्येक दोरीवर ८० किलोचा भार. तीच झोळी ताणून १० अंशांवर आणली, की तोच भार सुमारे २३० किलो होतो. माणूस तोच, झाडं तीच, पण ताण जवळजवळ तिप्पट. सर, तुम्ही साइन ३० बरोबर एक छेद दोन असं घोकून घेतलं होतं. ते कशासाठी, हा प्रश्न आम्ही तेव्हा विचारत होतो. त्याचं उत्तर असं आंब्याखाली सापडलं.

म्हणून झोळी सैल ठेवायची, हसऱ्या तोंडासारखी. माणूस बसल्यावर तिची बैठक खुर्चीच्या उंचीची, म्हणजे दीड फुटाच्या आसपास राहिली पाहिजे. त्याहून उंच बांधून कुणी पराक्रम दाखवायचा नाही. आधी मधोमध बसायचं, मग पाय वर घ्यायचे. सरळ न झोपता थोडं तिरकं झोपायचं, म्हणजे पाठ सपाट राहते. आणि थंडी खालून लागते हे ध्यानात ठेवा. अंगावर दोन रग घेतले तरी खालून वारा लागतो, म्हणून झोळीत आधी गोधडी अंथरायची. ज्यांची पाठीची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना चक्कर येते, ज्यांचा खांदा धरला आहे, त्यांनी हट्ट करू नये. १५ बाजा मी गावातून गोळा करतो. बाजेवर झोपूनही चांदण्या तेवढ्याच दिसतात.

रात्रीचं बोलतो. आपण आता साठीच्या जवळ आलो. निम्म्या जणांना साखर आहे, रात्री दोनदा उठावं लागतं. म्हणून झोळीपासून संडासापर्यंतच्या वाटेवर दिवे. उठायचं तर बॅटरी घेऊन, जोडीदाराला हाक मारून. आपल्या भागात अस्वल हा बिबट्यापेक्षा जास्त काळजीचा विषय आहे. ते मुद्दाम अंगावर येत नाही, पण अचानक समोरासमोर आलं तर घाबरून हल्ला करतं. म्हणून अंधारात झुडपात जायचं नाही, बोलत-खाकरत चालायचं. जेवणाचं खरकटं उघड्यावर टाकायचं नाही, ते डब्यात बंद. आपल्याकडे जागल ही जुनी पद्धत आहे. रोही आणि डुकरांपासून पीक राखायला माणसं माळ्यावर रात्र काढतात. तशीच आपण दोन-दोन तासांची जागल लावू. दोघं जागे, बाकीचे निवांत. जागल्यांकडे एक गाडी तयार, किल्ली तिलाच लावलेली. १०८ ला कळवायचंच, पण कुठल्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं औषध आहे ते आदल्या दिवशी विचारून कागदावर लिहून ठेवायचं. प्रत्येकानं आपल्या गोळ्या आणि घरच्या माणसाचा नंबर पाकिटात घालून द्यायचा.

चूल एकच. मोकळ्या जागी, चारी बाजूंनी पाचोळा झाडून, शेजारी पाण्याचा ड्रम ठेवून. रोडगे होतील, वांग्याची भाजी होईल. झोपायच्या आधी निखारे पाण्यानं विझवायचे आणि हात लावून पाहायचे. मोठा स्पीकर नको. गाणी आपल्या गळ्यानं म्हणू. आणि दारू नाही. यावर काही चेहरे पडले, ते मला इथून दिसतात. पण मैत्रिणींच्या घरची माणसं पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे स्वच्छ असलं पाहिजे. दोन दिवसांत कुणाचा जीव जात नाही.

मैत्रिणींचं वेगळं सांगतो. त्यांना नुसता मेसेज पाठवून चालणार नाही. लग्नाची पत्रिका आपण हातात देतो ना, तसं माणसानं घरी गेलं पाहिजे. ज्या तिघी ‘येतो’ म्हणाल्या, त्यांनी आणि आपल्या बाईंनी मिळून जायचं. घरच्यांना जागा सांगायची, कोण कोण आहे ते सांगायचं, नवऱ्याला, सुनेला, नातीला सोबत आणा म्हणायचं. दोन खोल्यांचं घर पूर्ण त्यांच्यासाठी. न्हाणीघर त्यांच्याकडे. झोळ्या बांधायच्या असतील तर घराशेजारच्या निंबांना, त्यांच्या त्या वेगळ्या. आणि शाळेत असताना झाडावर चढायला ज्यांना बंदी होती, त्या आता झोळीत बसल्या तर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. त्यांनी स्वतः टाकला तर गोष्ट वेगळी.

वर्गणीची रक्कम ठरवायची नाही. शाळेतल्या देणगीपेटीसारखी बंद पेटी ठेवू. ज्याला जे जमेल ते टाका. कुणी वांगी आणेल, कुणी ज्वारीचं पीठ, कुणी गाडी. कुणी किती दिले याची यादी निघणार नाही, सत्कार होणार नाही. झोळ्या प्रत्येकानं विकत घ्यायची गरज नाही. १० झोळ्या पेटीतून घेऊ, त्या पाळीपाळीनं वापरू आणि नंतर शाळेच्या स्काउट पथकाला देऊन टाकू.

आता शेवटचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्या वाघाची बातमी वाचली असेल. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या पावसाळ्यात एक तरुण नर निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते ओलांडत, पाच महिन्यांत तेराशे किलोमीटरच्या वर चालत, तो डिसेंबरमध्ये आपल्या ज्ञानगंगेत पोचला. नव्या हद्दीच्या, जोडीदाराच्या शोधात निघालेलं ते जनावर होतं. खात्यातल्या आमच्यासारख्यांना त्याचं अप्रूप वेगळंच होतं. ज्या जंगलाला शेजारपाजारचे लोक ‘तिकडं काय आहे’ म्हणत, ते एका वाघानं एवढं चालून येऊन पाहिलं होतं. तो कुठल्या पक्क्या जंगलपट्ट्यातून आला नव्हता. तो वावरावावरांतून, धुऱ्याधुऱ्यांवरून आला. म्हणजे आपली शेतं ही जंगलाच्या बाहेर असली तरी जंगलाची वाट आहेत. आपण त्या वाटेवर दोन रात्री झोपणार आहोत, एवढी जाण ठेवली तरी पुष्कळ.

तर कामं वाटून घेऊ. परवानगीचा अर्ज, वाटाड्या आणि गाड्यांची नोंद माझ्याकडे. बाजा, पाणी, दिवे गावातल्या चौघांकडे. औषधांची पाकिटं आपल्या दोन डॉक्टरांकडे. आमंत्रणं बाईंकडे आणि त्या तिघींकडे. पट्टे आणि झोळ्या पुण्याच्या मित्राकडे, कारण फोटो त्यानंच टाकला होता. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाच-सहा जणांनी वावरात जाऊन प्रत्येक झाड पाहायचं आणि एक रात्र स्वतः झोपून बघायचं.

आणि एक काम सगळ्यांकडे. आज घरी जाताना आपल्या बाकावर शेजारी कोण बसायचं ते आठवा. तो किंवा ती आज इथं नसेल, तर आठवड्याभरात भेटायला जा. ‘येतोस का?’ असं विचारू नका. ‘यायला काय अडचण आहे?’ असं विचारा. उत्तर मला कळवा. ३९ नावांपुढं ३९ अडचणी लिहिलेली वही माझ्याकडे आहे, अर्ध्या अजून कोऱ्या आहेत. जेवढ्या अडचणी आपण सोडवू, तेवढ्याच झोळ्या बांधू.